जुन्या जीपचे ब्रेक : खर्च किती आणि कोणत्या क्रमाने

जुनी फोर-बाय-फोर घेतलेला माणूस पहिला पैसा टायरवर घालतो, दुसरा बंपर आणि दिव्यांवर. ब्रेकची आठवण होते ती पहिल्या पावसानंतर, पेडल दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाऊ लागते तेव्हा. मग गॅरेजमध्ये कुणीतरी सांगते, ‘पुढे डिस्क टाका, कटकट मिटेल.’ मालक पन्नास हजारांची तयारी करतो. पुष्कळदा मूळ दुखणे हजार रुपयांच्या गळक्या व्हील सिलेंडरमध्ये असते आणि नवी डिस्क लागली तरी ते मागच्या चाकात तसेच राहते.

रायपूरच्या चौबे कॉलनीत, म्हणजे महाराष्ट्र मंडळामुळे इथल्या मराठी माणसाला पाठ असलेल्या वस्तीत, अशी गाडी बाळगायची तर तिला तीन वेगवेगळी कामे करावी लागतात. आठवडाभर अरुंद गल्ल्या आणि जीई रोडची गर्दी : रिक्षा मध्येच थांबली की जागच्या जागी थांबायचे. सुट्टीला बारनवापाराच्या बाजूचे मुरमाचे रस्ते, नाले आणि चिखल. आणि वर्षातून एकदोनदा जगदलपूरला जाताना केशकाल घाटाची बारा वळणे किंवा जबलपूरच्या वाटेवरचा चिल्फी घाट. गर्दीत ब्रेक चटकन लागायला हवा, नाल्यातून निघाल्यावर ओला असतानाही लागायला हवा, घाटात तापल्यावरही टिकायला हवा. यातली कोणती गरज तुमची मोठी, यावर खर्च ठरतो.

खाली दिलेले भाव बजेट बांधण्यासाठी आहेत. गाडीचे मॉडेल, सुट्या भागाची कंपनी आणि गॅरेज यांनुसार ते खालीवर होतील; प्रत्यक्ष काम देण्यापूर्वी निदान दोन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्या. जुना अंदाज हाताशी असेल तर एक गोष्ट तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे; त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. मूळ १०,००० रुपयांचा भाग तेव्हा १२,८०० ला पडत असे, आता तो ११,८०० ला पडायला हवा.

आधी फुकटची तपासणी

गॅरेजला जाण्यापूर्वी घराच्या अंगणात अर्धा तास काढा. या तपासणीला पैसे लागत नाहीत, पण पुढचे पैसे कुठे घालायचे ते कळते.

इंजिन सुरू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरा. ते हळूहळू खाली जात राहिले आणि बाहेर कुठेही ऑइल दिसले नाही, तर मास्टर सिलेंडर आतून गळतो आहे. पेडल स्पंजसारखे लागत असेल आणि दोनतीनदा मारल्यावर वर येत असेल, तर पाइपात हवा आहे किंवा लायनर झिजून अंतर वाढले आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग असेल तर व्हील सिलेंडर किंवा ॲक्सलचे सील गळते आहे. ब्रेक ऑइल पातळ असते आणि रंग खराब करते, ॲक्सलचे ऑइल जाड आणि वासाचे असते. दोन्हींपैकी काहीही लायनरवर गेले की तो लायनर धुऊन वापरू नये, बदलावा.

बूस्टर आहे का ते बॉनेट उघडून पाहा : मास्टर सिलेंडरच्या मागे मोठा गोल काळा डबा असतो. असेल तर इंजिन बंद करून पेडल चारपाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर जिवंत आहे. हलले नाही तर बूस्टरचा पडदा फाटलेला, नळी फुटलेली किंवा व्हॅक्यूम पंप मेलेला.

शेवटी दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून थांबा आणि प्रत्येक ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाका. हात लावू नका. तीन चाके कोमट आणि एकावर पाणी चरचरले, तर ते चाक अडकून चालते आहे. एखादे अगदीच थंड असेल तर ते काम करत नाही.

पहिला टप्पा : आहे तोच ब्रेक पुरता बरा करणे
९,००० ते १८,००० रुपये

जुन्या महिंद्रा जीपला, म्हणजे एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर, कमांडर या घराण्याला, बहुधा चारही चाकांना ड्रम असतात. ड्रम वाईट म्हणून त्यांना नावे ठेवली जातात, पण त्यातले बरेचसे दोष वयाचे असतात, रचनेचे नव्हे. वीस-तीस वर्षांच्या गाडीत ड्रम आतून लंबगोल झालेला असतो, ॲडजस्टर गंजून बसलेला असतो आणि एका चाकाचा लायनर दुसऱ्याहून वेगळ्या कंपनीचा असतो. हे सगळे एकदाच, चारही चाकांत, सरळ करून घेतल्यावर गाडी पुष्कळ वेगळी लागते.

चारही चाकांचा खर्च असा धरा :

- लायनरसह ब्रेक शू, दोन्ही ॲक्सल : २,००० ते ४,०००
- चार व्हील सिलेंडर : २,००० ते ४,०००
- चार ड्रम लेथवर कातणे : १,००० ते २,०००
- रबरी हाऊज पाइप (पुढे दोन, मागे एक) : ९०० ते १,८००
- स्प्रिंग, ॲडजस्टर, किरकोळ : ६०० ते १,४००
- ब्रेक ऑइल, एक लिटर : ५०० ते ८००
- मजुरी : २,००० ते ४,०००

इथे दोन ठिकाणी पैसे वाचवू नका. पहिले, व्हील सिलेंडरचे नुसते वॉशर बदलणे. आतली भिंत गंजाने खडबडीत झाली असेल तर नवा वॉशर काही महिन्यांत पुन्हा गळतो, आणि त्या ऑइलने नवा लायनरही वाया जातो. दुसरे, रबरी हाऊज. बाहेरून ठीक दिसणारा जुना हाऊज आतून सुजलेला असतो. पेडल दाबले की ऑइल पुढे जाते, पण परत येत नाही आणि चाक अडकते. रायपूरच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर कागदावर कितीही नवे असले तरी बदला.

ड्रम कातण्याला मर्यादा असते. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो, त्यापुढे कातला की तो पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकू शकतो. मर्यादा संपली असेल तर नवा ड्रम घ्या, एका ॲक्सलला दोन्ही. हाच नियम लायनर आणि सिलेंडरलाही : डावे बदलले की उजवेही. एका बाजूचे वाचवलेले चारपाचशे रुपये गाडी एका बाजूला ओढून वसूल करते.

एक सूचना आरोग्याची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम उघडल्यावर मिस्त्री कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवायला निघाला तर थांबवा. ओल्या फडक्याने पुसायला सांगा, आणि पोराबाळांना तिथे उभे करू नका.

दुसरा टप्पा : दोन सर्किटांचा मास्टर सिलेंडर
६,००० ते १४,००० रुपये

खूप जुन्या जीपमध्ये मास्टर सिलेंडर एकच कप्प्याचा असतो. म्हणजे चारही चाकांचे ऑइल एकाच वाटेने जाते. एक हाऊज फुटला, दगडाने एक पाइप चेपला की चारही चाकांचा ब्रेक गेला. टँडम मास्टर सिलेंडरमध्ये पुढची आणि मागची वाट वेगळी असते. एक गेली तरी दुसरी वाट गाडी थांबवते. दिमाख नसलेला हा बदल जीव वाचवण्याच्या बाबतीत डिस्कच्या पुढे आहे.

टँडम सिलेंडर २,००० ते ४,५००. ब्रॅकेट, रॉड आणि ऑइलची डबी ८०० ते २,०००. चॅसिसवरचे धातूचे पाइप नव्याने वाकवून बसवणे १,५०० ते ३,५००. ऑइल ३०० ते ५००. मजुरी १,४०० ते ३,५००.

धातूचे पाइप याच वेळी बदला. चॅसिसच्या आतल्या कडेला, जिथे चिखल साचून राहतो, तिथे पाइप बाहेरून गंजतो. मिस्त्री जुन्या पाइपाला मध्येच जोड देऊन ‘चल जाएगा’ म्हणेल. ब्रेकच्या पाइपाला मध्ये वेल्डिंग किंवा झाळकाम चालत नाही. पाइप पूर्ण लांबीचा, टोकांना नीट फ्लेअर केलेला हवा.

तिसरा टप्पा : बूस्टर
पंप आधीच असेल तर ७,००० ते १५,०००. पंपासह १४,००० ते २८,०००

बूस्टर ब्रेकची कमाल ताकद वाढवत नाही, पायाला लागणारा जोर कमी करतो. तरण्या माणसाने दोन्ही पायांनी दाबलेल्या पेडलाने बिनबूस्टरची गाडीही चाके बांधते. पण गर्दीत दर दोन मिनिटांनी थांबायचे असेल, घरात इतरही कुणी गाडी चालवत असेल, तर तो हवाच.

बूस्टर चालतो इंजिनच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर. पेट्रोल इंजिनात ती ओढ आयती मिळते. डिझेल इंजिनात मिळत नाही. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, जो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. अंदाजपत्रकात ही ओळ नसेल तर खर्च तिथेच फसतो. मिस्त्री बूस्टरचे पाच हजार सांगतो, आणि अर्धे काम झाल्यावर कळते की अल्टरनेटरला पंपच नाही.

बूस्टर ३,५०० ते ७,०००; पेडलची जोडणी आणि ब्रॅकेट १,५०० ते ४,०००; पंपवाला अल्टरनेटर ७,००० ते १३,०००; नळी आणि एकदिशा व्हॉल्व्ह ५०० ते १,०००; मजुरी १,५०० ते ३,०००.

ब्रॅकेट पातळ पत्र्याचा बनवू देऊ नका. जोरात ब्रेक मारताना बूस्टरसकट फायरवॉल पुढे वाकत असेल तर तुमचा अर्धा जोर पत्रा वाकवण्यात जातो. बसवल्यावर एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहावे : मास्टर सिलेंडर हलताना दिसला तर ब्रॅकेट पुन्हा करायला लावा.

चौथा टप्पा : पुढे डिस्क
२७,००० ते ५५,००० रुपये

डिस्कचे दोन खरे फायदे आहेत. एक, पाण्यातून निघाल्यावर ती पहिल्या दाबालाच कोरडी होते; ड्रममध्ये पाणी आणि चिखल अडकून बसतो. दोन, ती उघड्यावर असल्याने उष्णता लवकर फेकते.

उष्णतेचा हिशेब करून पाहा. माणसे आणि सामानासह १,८०० किलो वजनाची जीप ताशी ६० किलोमीटरवरून थांबवायला ब्रेकला सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ताशी ८० वरून थांबवायला ती सुमारे साडेचार लाख होते. वेग एकतृतीयांशाने वाढला, ब्रेकवरचा भार जवळजवळ पावणेदोन पट. आणि घाटात? तीच गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा साडेसतरा लाखांहून अधिक ज्यूल बाहेर पडतात. म्हणजे ६० वरून सात वेळा पूर्ण थांबण्याइतके. ते सगळे इंजिनला न सांगता ब्रेकवर टाकले तर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर जातो आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क हे जास्त वेळ सोसते, पण ऑइल उकळले तर तिचाही इलाज नाही. खालच्या गिअरमध्ये उतरणे हा या गाडीचा सगळ्यात स्वस्त ब्रेक आहे, आणि ट्रान्सफर केसमध्ये लो असेल तर चिखलाच्या किंवा कच्च्या उतारावर तो सगळ्यात चांगलाही.

खर्च :

- डिस्क, कॅलिपर, पॅड आणि ब्रॅकेटचा संच : १८,००० ते ३५,०००
- मागच्या चाकांचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह : १,५०० ते ४,०००
- नवे हाऊज : १,००० ते २,०००
- बेअरिंग, सील, नकलचे ग्रीस : २,५०० ते ५,०००
- मजुरी आणि अलाइनमेंट : ४,००० ते ९,०००

बोलेरो किंवा स्कॉर्पिओचे कॅलिपर आणि डिस्क वापरून जीपला बसवण्याचा प्रकार देशभर चालतो, कारण हे भाग सगळीकडे मिळतात. पण तुमच्या ॲक्सलला कोणता ब्रॅकेट बसेल, ते मॉडेल आणि नकलवर ठरते. पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा.

रिम बसेल का? कॅलिपर जुन्या रिमला घासू शकतो. घासला तर चार नव्या रिमांचे ८,००० ते १६,००० रुपये वर धरा. स्पेसर लावून भागवू नका.

मास्टर सिलेंडर कोणता? ड्रमच्या मास्टरमध्ये पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या वाटेवर तसाच राहिला तर पॅड कायम घासत राहतात. शिवाय कॅलिपरच्या पिस्टनला ऑइल जास्त लागते; लहान मास्टरने पेडल तळाला जाते. म्हणून डिस्क घ्यायची तर दुसरा आणि तिसरा टप्पा तिच्याबरोबर किंवा आधी करावाच लागतो.

आणि मागे काय? पुढे ताकद वाढवून मागचे तसेच ठेवले की पुढची-मागची वाटणी बदलते. ओल्या डांबरावर मागची चाके आधी अडकली तर आखूड चॅसिसची जीप जागच्या जागी फिरते. त्यासाठी मागच्या चाकांचा दाब आवरणारा तो व्हॉल्व्ह आणि रिकाम्या रस्त्यावर चाचणी.

मागेही डिस्क टाकावी का? या गाड्यांना नको. हँडब्रेक मागच्या ड्रमवर असेल तर डिस्क घातल्यावर त्याची वेगळी सोय करावी लागते आणि ती बहुधा धड होत नाही. विलीस वळणाच्या खूप जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो. तो असेल तर त्याचा लायनरही याच वेळी पाहून घ्या.

तुमची गाडी कोणती?

चारही ड्रमच्या महिंद्रा जीपचे टप्पे वर आलेच. पुढे डिस्क घ्यायचे नक्की असेल तर पहिल्या टप्प्यात पुढच्या ड्रमवर खर्च करू नका. शू, सिलेंडर आणि कातकामाचे २,५०० ते ५,००० रुपये वाचतील. चारही टप्पे पंपासह एकत्र केले तर बेरीज ५६,००० ते १,१५,००० होते. त्यावर पंधरा टक्के अनपेक्षित खर्चाचे धरा, कारण जुना बोल्ट न तुटता निघाला असे क्वचितच होते.

मारुती जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली. १,३०० सीसीच्या जिप्सी किंगला पुढे डिस्क आणि बूस्टर असतो आणि वजन जेमतेम टनभर. तिला बदल नको, सेवा हवी. कॅलिपरचा पिस्टन आणि सरकत्या पिना अडकलेल्या असतात; रबर किट, पॅड, मागचे शू आणि ऑइल यांत ६,००० ते १२,००० मध्ये काम होते.

पहिल्या पिढीच्या थारला (२०१० ते २०२०) पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत. एबीएस तिला अगदी शेवटी, २०१९ मध्ये आले. या गाडीत एबीएस बाहेरून बसवण्याचा विचार सोडा. पैसे चांगल्या पॅडवर, डॉट-४ ऑइलवर आणि टायरवर घाला.

टायरचा मुद्दा सगळ्याच गाड्यांना लागू आहे. २८ इंच उंचीचे चाक काढून ३१ इंचाचे लावले की तोच ब्रेक रस्त्यावर सुमारे दहा टक्के कमी पडतो, कारण चाकाची त्रिज्या वाढते आणि ब्रेकची पकड तेवढीच राहते. वजनदार टायरची भर वेगळी. मोठे टायर लावून ब्रेक कमी वाटू लागले असतील तर मूळ मापावर परत जाणे हा सुद्धा ब्रेक सुधारण्याचाच मार्ग आहे, आणि कदाचित तुमचे जुने टायर अजून घरात असतील.

ऑइल कोणते?

डॉट-३ कोरडे असताना किमान २०५ अंशांना उकळते, पाणी शोषलेले असताना १४० ला. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषत राहते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचे. रायपूरच्या पावसाळ्यात उघडी ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका. डॉट-५ सिलिकॉनचे असते, ते या दोन्हींत मिसळत नाही. आणि घाईत कुणी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल ओतले तर सगळे रबर फुगते आणि सगळा टप्पा पुन्हा करावा लागतो. मिस्त्रीला सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा.

हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून लांबच्या चाकाने सुरुवात करतात. आपल्याकडे मास्टर उजवीकडे, म्हणून क्रम : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे.

काम कुठे, माल कुठला?

टाटीबंध, भनपुरी, रावाभाठा ही रायपुरातली अवजड वाहनांची ठाणी. लायनर आणि लेथच्या कामासाठी तिकडे विचारा. पण ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, जीपचा ऑइलच्या. ट्रकच्या ब्रेकमध्ये उस्ताद असलेला मिस्त्री जीपच्या बूस्टरला पहिल्यांदाच हात लावत असेल, हे शक्य आहे. त्याने याआधी अशी किती कामे केली, एखादी गाडी पाहायला मिळेल का, हे विचारण्यात संकोच नको.

ब्रेकचा माल जुन्या बाजारातून घ्यावा का? दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून ॲक्सलचे भाग, ब्रॅकेट, पेडल मागवायला हरकत नाही. ते लोखंड आहे, पाहून कळते. मास्टर सिलेंडर, बूस्टर, कॅलिपरचे रबर, हाऊज आणि लायनर मात्र नवेच घ्या. ब्रेक्स इंडियाचे टीव्हीएस गर्लिंग, रेनचे लायनर, बॉश अशा नावांचा माल घेताना पक्के बिल मागा. बिलाशिवाय तीस टक्के स्वस्त मिळणारे तेच नाव बहुधा नकली असते. नागपूर जवळ म्हणून तिथून मागवायचे तर आधी जुन्या भागाचा नंबर आणि फोटो पाठवा. चुकीचा भाग परत पाठवण्याचा खर्च आणि गॅरेजमध्ये उघडी पडलेली गाडी, दोन्ही महाग पडतात.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेला आणि नोंदणीत असलेला तपशील मालकाला मनाने बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ब्रेकचा प्रकार आरसीवर छापलेला नसतो म्हणून ‘विचारणार कोण’ असे सांगणारे भेटतील. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर विचारतो.

पहिल्या टप्प्याला, म्हणजे मूळ मापाचे मूळ भाग बदलण्याला, काहीच अडचण नाही. बूस्टर आणि डिस्कसाठी आधी आरटीओत लेखी विचारणा करा, आणि विमा कंपनीला कळवून पोच घ्या.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. वीस वर्षांवरील हलक्या मोटार वाहनांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० केले. नोंदणी संपत आली असेल तर ब्रेकचे काम तपासणीच्या आधी करा. डावे-उजवे सारखे नसलेले ब्रेक तपासणीत अडकवतात, आणि तेच दुखणे पहिल्या टप्प्यात निघते.

गाडी ताब्यात घेताना

बिलावर प्रत्येक भागाचे नाव, कंपनी आणि किंमत वेगळी लिहून घ्या. ‘ब्रेक काम, एकूण’ अशी एकच ओळ चालणार नाही. काढलेले जुने भाग पोत्यात भरून मागा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर ड्रम पुन्हा ॲडजस्ट करणे आणि प्रत्येक जोड तपासणे मजुरीत धरलेले आहे का, ते आधीच ठरवा.

नवा लायनर किंवा पॅड बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने दहा-बारा वेळा वेग कमी करा, मध्ये एखाद मिनिट गाडी चालू देऊन ब्रेक निवू द्या. तोवर घाट नको, ट्रेलर नको. मग हात स्टिअरिंगवर सैल ठेवून ब्रेक मारा. गाडी सरळ थांबली तर पैसे चुकते करा.

खिशाप्रमाणे निर्णय

२०,००० पर्यंत असतील तर पहिला टप्पा पूर्ण करा, अर्धवट दुसरा नको. ३०,००० च्या आसपास असतील तर पहिला आणि दुसरा. या जोडीवर गाडी भरवशाची होते आणि घाटालाही पुरी पडते. ५०,००० असतील आणि रोज गर्दीतून जायचे असेल तर त्यात बूस्टर घाला. डिस्कचा विचार लाखाजवळचे बजेट, मोठे टायर आणि वरचेवर पाण्या-चिखलातली फेरी या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच करा. आणि गाडीचा बाजारभाव दोन लाख असताना ब्रेकचा अंदाज एक लाखावर गेला, तर तो अंदाज बाजूला ठेवून आधी चॅसिसचा गंज आणि स्टिअरिंग तपासून घ्या. त्यांचा खर्चही निघाला तर पुढे डिस्क आधीच असलेली दुसरी गाडी शोधणे स्वस्त पडेल.